दक्षिण आफ्रिका परत आली, पण आपली मोजणी कधी?

रविवारी सकाळी विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत आम्ही पोरांसोबत पेपर वाचतो. स्पर्धा परीक्षेची पोरं ती. खेळाचं पान आधी वाचतात, संपादकीय शेवटी. परवा एकाने आईस हॉकीची बातमी वाचून दाखवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा आंतरराष्ट्रीय आईस हॉकी महासंघाने रशिया आणि बेलारूसचे सगळे राष्ट्रीय संघ स्पर्धांबाहेर काढले. त्यांना परत कधी घ्यायचं, कोणत्या अटीवर घ्यायचं, यावर तेव्हापासून वाद चालू आहे.

"दादा, आपल्याले काय कराचं आहे ह्या बातमीशी? नागपुरात बर्फ फक्त रसवंतीवर दिसते."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण उत्तर देणं भाग होतं. कारण बाहेर काढलेला संघ परत येतो म्हणजे काय होतं, हे आमच्या पिढीने पाहिलेलं आहे. बर्फावर नाही, क्रिकेटच्या मैदानावर. आणि त्याचा धागा आमच्या नागपुरातूनही गेलेला आहे. त्या पोराला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडतो.

१० नोव्हेंबर १९९१, रविवार. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेचा संघ २१ वर्षांच्या बहिष्कारानंतर पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळत होता, आणि तोही भारताविरुद्ध. आम्ही कॉलेजात होतो. चौकातल्या पानठेल्यावर रेडिओ लावलेला, भोवती आमची गर्दी. बाबासाहेबांचं जन्मशताब्दी वर्ष नुकतंच होऊन गेलं होतं. मंडलच्या विरोधात पेटलेली आग पूर्ण विझलेली नव्हती. वर्गातली काही मुलं आमच्याकडे बघून 'गुणवत्ता' हा शब्द मुद्दाम मोठ्याने उच्चारायची.

त्या काळात दक्षिण आफ्रिका आम्हाला परकी वाटत नव्हती. १९९० मध्ये बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं, त्याच वर्षी नेल्सन मंडेलांनाही मिळालं. २७ वर्षांच्या तुरुंगवासातून ते नुकतेच सुटले होते. पेपरातून कापलेला त्यांचा फोटो आमच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली चिकटवलेला होता. त्यामुळे त्या दिवशी पाहुण्या संघासाठीही आम्ही टाळ्या वाजवल्या. अॅलन डोनाल्डने पाच बळी घेतले, तेंडुलकरने ६२ आणि पहिलाच सामना खेळणाऱ्या प्रवीण आमरेने ५५ धावा केल्या. भारत तीन गडी राखून जिंकला. आमच्या लेखी त्या दिवशी वर्णद्वेष हरला होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात संघाचा फोटो आला. वस्तीतले एक काका मिलमध्ये कामाला होते. पाळीवरून परतताना ते पानठेल्यावर थांबले. चष्मा वर करून त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "पोरंहो, यात मंडेलाच्या घरचे कोणते?"

आम्ही फोटो पुन्हा पाहिला. अकराच्या अकरा गोरे होते. अनुभव घ्यावा म्हणून चार तरुणांना सोबत आणलं होतं. त्यात हुसेन मानॅक आणि फाइक डेव्हिड्स हे दोघे गोरे नव्हते, पण ते खेळायला नव्हे, बघायला आले होते. त्या चौघांतला आणखी एक होता हॅन्सी क्रोनिए. त्याच्याकडे पुढे येऊ.

काकांचा प्रश्न तेव्हा आम्हाला अडाणीपणाचा वाटला. आम्ही त्यांना समजावलं की आता तिकडे बदल होतो आहे, बोर्ड नवीन झालं आहे. प्रश्न बरोबर होता आणि आमचं उत्तर अपुरं होतं, हे कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

आधी इतिहास बघू. १९७० पर्यंतच्या दक्षिण आफ्रिकेच्या संघाने फक्त इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या गोऱ्या संघांशी सामने खेळले. भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडिज यांच्याशी एकही नाही. केपटाऊनचा बेसिल डी'ऑलिव्हेरा मिश्रवंशीय होता. स्वतःच्या देशात त्याला वरच्या पातळीवर खेळता येईना, म्हणून तो इंग्लंडला गेला आणि तिथल्या संघात पोहोचला. १९६८ च्या दौऱ्यासाठी इंग्लंडने त्याला निवडलं, तर दक्षिण आफ्रिकेच्या पंतप्रधानांनी तो संघच नाकारला. मग १९७० मध्ये त्या देशाला बाहेर काढण्यात आलं. १९७४ मध्ये भारताचा टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता, समोर दक्षिण आफ्रिका होती. भारताने खेळायला नकार दिला आणि चषक सोडून दिला. या नकाराचा आम्हाला आजही अभिमान आहे.

जून १९९१ मध्ये तिथली गोऱ्यांची आणि गोरेतरांची क्रिकेट मंडळं एक झाली. जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेत त्यांना परत घेण्याचा ठराव भारतानेच मांडला. मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा पाठिंबा होता, म्हणून ती परत येणं चूक होतं असं आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी मार खाल्ला त्यांनी होकार दिला, तिथे आपण कोण? पण काळाचा क्रम विसरू नका. नोव्हेंबर १९९१ मध्ये संघ ईडनवर उतरला तेव्हा त्या देशातल्या काळ्या माणसाला मताचा अधिकार नव्हता. तो २७ एप्रिल १९९४ च्या निवडणुकीत वापरता आला. मधल्या काळात मार्च १९९२ मध्ये सुधारणा हव्यात की नकोत यावर फक्त गोऱ्यांचं मतदान झालं. त्या वेळी त्यांचा संघ विश्वचषकात खेळत होता. 'नाही' म्हणालात तर पुन्हा बहिष्कार येईल, हाही प्रचाराचा मुद्दा होता. त्याच वर्षी त्यांचा आईस हॉकी संघसुद्धा जागतिक स्पर्धेत परतला. म्हणजे संघ आधी परतला आणि मत नंतर आलं. मान उधारीवर मिळाला होता.

उधारी वसूल करावी लागते. ती झाली का, हे आम्ही नागपुरात बसून पुढची ३० वर्षं बघत आलो.

१९ मार्च २०००, पुन्हा रविवार. महाडच्या परिषदेचा हा दिवस. दुसऱ्या दिवशीच्या चवदार तळ्याच्या कार्यक्रमासाठी आम्ही वस्तीत सतरंज्या, माईक, पाण्याची व्यवस्था बघत होतो. त्याच दिवशी सिव्हिल लाईन्समधल्या व्हीसीएच्या मैदानावर भारत-दक्षिण आफ्रिका एकदिवसीय सामना होता. आमच्यातल्या दोघांना तिकीट मिळालं होतं. संध्याकाळी ते आले आणि हर्शेल गिब्जच्या ७४ धावांचं वर्णन करत बसले. दोन्ही संघांनी तीनशेच्या वर धावा केल्या, पाहुणे १० धावांनी जिंकले. झकास सामना झाला म्हणून आम्ही विसरलो.

जून महिन्यात किंग आयोगासमोर साक्षी झाल्या तेव्हा कळलं, आमच्या शहरात त्या दिवशी काय चाललं होतं. कर्णधार क्रोनिएने गिब्जला २० पेक्षा कमी धावा करायला आणि गोलंदाज हेन्री विल्यम्सला ५० पेक्षा जास्त धावा द्यायला सांगितलं होतं. प्रत्येकी १५ हजार डॉलर कबूल केले होते. गिब्जने ७४ केल्या, विल्यम्स थोडे चेंडू टाकून दुखापतीमुळे बाहेर गेला. ठरलेलं काहीच घडलं नाही, पण दोघांनी होकार दिला होता, म्हणून दोघांवर सहा महिन्यांची बंदी आली. क्रोनिएवर आजन्म बंदी आली.

हे दोघेही, त्या देशाच्या भाषेत, 'कलर्ड' होते. क्रोनिएने आधी गोऱ्या सहकाऱ्यांनाही विचारलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. त्यांनी ते थट्टेवारी नेलं. पण नागपुरात ज्यांनी मान डोलावली ते दोघे कोण होते, हे आम्ही विसरू शकत नाही. ज्याची संघातली जागा पक्की असते तो कर्णधाराला हसून टाळू शकतो. ज्याला आपली जागा उद्या जाईल अशी धास्ती असते, त्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही. ऑफिसात, कॉलेजात, खात्यात एकट्याने वावरलेल्या आपल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. गिब्ज-विल्यम्सची चूक आम्ही झाकत नाही. दारातून आत घेणं आणि बरोबरीने बसवणं यांतलं अंतर तेवढं दाखवतो आहोत.

हे अंतर मखाया एन्टिनीनेही सांगितलं आहे. १९९८ मध्ये कसोटी खेळलेला तो पहिला काळा आफ्रिकन. ३९० कसोटी बळी घेतलेला गोलंदाज. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, २०२० मध्ये, तो बोलला. हॉटेलातून मैदानावर जाताना तो आपली बॅग बस ड्रायव्हरकडे द्यायचा आणि स्वतः धावत जायचा. परतही धावतच यायचा. लोकांना वाटायचं, काय तब्येत राखतो हा माणूस! खरं कारण असं की बसमध्ये त्याच्याशेजारी कोणी बसत नसे. जेवायला जाताना त्याचं दार कोणी वाजवत नसे.

हे वाचलं तेव्हा आम्हाला पळवणकर बाळू आठवले. चांभार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळायचा. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हातात घ्यायचे, पण चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसकडून बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. राजकारणात ते आपल्या बाजूला नव्हते. म्हणून त्यांच्या मातीच्या भांड्याचा इतिहास आपण दुसऱ्यांच्या हवाली करायचा का? मुळीच नाही.

आता वसुलीची दुसरी बाजू. फेब्रुवारी २०१० मध्ये नागपुरातच, जामठ्याच्या नव्या मैदानावर, हाशिम आमलाने नाबाद २५३ धावा केल्या. भारत एक डाव आणि ६ धावांनी हरला. डरबनमध्ये जन्मलेला आमला गुजरातेतून गेलेल्या कुटुंबातला. बहिष्काराच्या आधीच्या दक्षिण आफ्रिकेत त्याला त्या संघाची टोपी मिळणं शक्यच नव्हतं. २००४ मध्ये ईडनवरच त्याने पदार्पण केलं आणि सुरुवातीला अपयश आलं, तेव्हा 'कोट्यातला' हा शिक्का त्याच्यावरही बसला होता. जामठ्याला दीड-दोन दिवस हा 'कोट्यातला' माणूस बाद होईना, तेव्हा स्टँडमध्ये बसून आम्हाला आमचे वर्गमित्र आठवत होते.

आणि नोव्हेंबर २०२५. मैदान तेच, ईडन गार्डन्स. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार टेंबा बवुमा, केपटाऊनच्या लांगा या काळ्यांच्या वस्तीतला. १९९१ मध्ये तो दीड वर्षाचा होता. त्यालाही वर्षानुवर्षं 'कोट्याचा' म्हणून हिणवलं गेलं. जून २०२५ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली त्या देशाने लॉर्ड्सवर कसोटीचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. ईडनवर आपल्या खेळाडूंच्या तोंडून त्याच्या उंचीवर आलेला शब्द स्टंपच्या माईकने टिपला. दुसऱ्या डावात त्याने नाबाद ५५ केल्या. संपूर्ण सामन्यातलं ते एकमेव अर्धशतक. १२४ धावांचा पाठलाग करताना भारत ९३ वर आटोपला. मिलवाले काका असते तर आम्ही फोटो घेऊन त्यांच्याकडे गेलो असतो आणि म्हणालो असतो, हा घ्या, मंडेलाच्या घरचा.

पण हे आपोआप झालं नाही. तिथे मोजणी झाली. संघात किती काळे, किती गोरेतर, हे दरवर्षी उघडपणे मोजलं आणि छापलं गेलं. २०१६ मध्ये बदल मंद आहे म्हणून तिथल्या क्रीडामंत्र्याने क्रिकेटसह चार खेळांच्या संघटनांना मोठ्या स्पर्धांचं यजमानपद मागायला बंदी केली. त्याच वर्षी क्रिकेट मंडळाने हंगामाच्या सरासरीने संघात किमान सहा गोरेतर आणि त्यातले किमान दोन काळे आफ्रिकन असावेत असं धोरण आणलं. २०२१ मध्ये सुनावण्या घेऊन जुन्या खेळाडूंना अपमान सांगायला लावले, ते ऐकून घेतले. भांडणं झाली, चुका झाल्या, लोकसंख्येच्या मानाने काळे खेळाडू आजही कमीच आहेत. तरी प्रश्न विचारणं थांबलं नाही. 'असामान्य समाजात सामान्य खेळ होऊ शकत नाही' ही त्यांच्या खेळाडूंच्या चळवळीची घोषणा होती. संघ परतल्यावर त्यांनी ती गुंडाळून ठेवली नाही.

मग आपलं काय? दक्षिण आफ्रिकेच्या परतीचा ठराव मांडणाऱ्या भारताने स्वतःची परीक्षा कधी दिली?

१९४६ साल बघा. त्या वर्षी भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या छळाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला आणि त्या देशाशी व्यापार तोडला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांत अर्ज केला आहे असं वाचलं, आम्ही भारतातले अस्पृश्यही तसाच विचार करतो आहोत, असा त्याचा आशय होता. एकाच वर्षात दोन गाऱ्हाणी होती. पहिलं जगाने ऐकलं. दुसरं ५५ वर्षांनी, २००१ मध्ये डरबनच्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत आपल्या कार्यकर्त्यांनी पुन्हा नेलं, तेव्हा भारत सरकारने जातीचा विषय घ्यायला विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा घरचा मामला, असं सांगितलं. प्रिटोरियाचे गोरे राज्यकर्तेही १९४६ मध्ये 'हा आमचा अंतर्गत प्रश्न' असंच म्हणत होते. तेव्हा आपल्याला ते पटलं नव्हतं.

आमचाही एक अनुभव आहे. तेरा-चौदा वर्षांचे असताना आम्ही चौघं शहरातल्या एका क्लबच्या नेटवर गेलो होतो. आमच्यातला एक डावखुरा फार छान टाकायचा. प्रशिक्षकाने दोन चेंडू पाहिले आणि मान डोलावली. मग नाव विचारलं. नुसतं नाव सांगितल्यावर आडनाव विचारलं. मग राहता कुठे ते विचारलं. आम्ही इंदोरा सांगितलं. "पुढच्या आठवड्यात या." पुढच्या आठवड्यात गेलो, तर पांढरे कपडे नाहीत. उधार कपडे घालून तिसऱ्यांदा गेलो, तर जागा भरली होती. शिवी कोणी दिली नाही. जातीचं नावही कोणी काढलं नाही. तो मित्र आज वीज खात्यात आहे, सुखात आहे. पण आमच्यासारखे किती जण तिसऱ्या आठवड्यानंतर गेलेच नाहीत, याचा आकडा कोणत्या वहीत आहे?

इथे दोन आक्षेप येतात. पहिला, खेळात फक्त गुणवत्ता चालते. आम्ही विचारतो, नेटपर्यंतच पोहोचू दिलं नाही तर गुणवत्ता मोजली कोणी? चेंडू पाहून डोललेली मान पत्ता ऐकून थांबते, तेव्हा मोजली ती कोणती गुणवत्ता? दुसरा आक्षेप, उमेश यादव बघा, नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा भारतासाठी खेळलाच ना? खेळला, आणि आम्ही त्याच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडलो. पण एक माणूस भिंत चढून आला म्हणजे भिंतीला दार आहे असं होत नाही. आमलाच्या २५३ धावांनी दक्षिण आफ्रिकेने मोजणी बंद केली नव्हती.

आमची मागणी आज संघात राखीव जागांची नाही. त्यावर चर्चा जरूर व्हावी. त्याआधीची, साधी मागणी आहे. मोजा. १४ आणि १६ वर्षांखालच्या निवड चाचणीला किती मुलं-मुली आली, कोणत्या सामाजिक प्रवर्गातली, कोणत्या वस्तीतली, त्यातली किती पुढे गेली, हे दर हंगामात जाहीर करा. नावं नकोत, आकडे द्या. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनगणनेत जात मोजण्याचं जाहीर केलं. देशभर जात मोजता येत असेल, तर मैदानाच्या फाटकावर मोजायला काय हरकत आहे?

शेवटी अभ्यासिकेतल्या त्या पोराने विचारलं, "मग रशियाले घ्याचं का नाही वापस?"

आम्ही म्हटलं, ते युक्रेनच्या माणसाला विचार. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला विचारल्याशिवाय कोणालाही परत घेऊ नये. आणि घेतलंच, तर स्वागताच्या टाळ्या झाल्यावर मोजणी सुरू करावी. १९९१ मध्ये टाळ्या आम्ही वाजवल्या होत्या. मोजणीचा प्रश्न मिलमधून दमून आलेल्या एका माणसाने विचारला होता.

पोरं गप्प होती. मग एकाने विचारलं, आपल्या भागातल्या चाचण्या कधी असतात? या उन्हाळ्यात उत्तर नागपुरातल्या मैदानांवर जाऊन, मुलांना आणि पालकांना भेटून, आम्ही स्वतःच ही वही सुरू करणार आहोत. ज्यांना यायचं आहे त्यांनी रविवारी सकाळी अभ्यासिकेत यावं.

जय भीम.